युरोपचा अभ्यास घेऊन पदवी करायची: शहाणपणा की चैन?

कृष्णाकाठ (पलूस, जि. सांगली)

माझी भाची यंदा सांगलीतून बारावी झाली, कला शाखेतून. तिला चार वर्षांची पदवी करायची आहे आणि मेजर विषय म्हणून घ्यायचं आहे 'युरोपियन स्टडीज'. म्हणजे पहिल्या सत्रापासून एक युरोपीय भाषा, आणि सोबतीला तिथला इतिहास, राजकारण, कायदा, थोडं अर्थशास्त्र, साहित्य. चार-पाच विभाग मिळून हा एक विषय शिकवतात. विद्यापीठ खासगी आहे, राज्याबाहेरचं आहे आणि फी भरपूर आहे. घरात रोज वाद. दाजी म्हणतात, "त्यापेक्षा डी.एड. कर." आक्का गप्प असते. मी मामा. माझं मत आहे की पोरीला जाऊ द्यावं. का, ते सांगतो.

2010 साली माझी दोन एकर थॉमसन द्राक्षं एक्स्पोर्टला गेली होती. माल बघून कुणीही हेवा करावा असा, मणी अठरा एमएमच्या वर. त्याच हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं म्हणून युरोपातल्या बंदरांत कंटेनर अडकले. आपण ज्याला सीसीसी म्हणतो, छाटणीनंतर वाढ रोखायला मारतो, तेच. औषध वर्षानुवर्षं वापरातलं, दुकानात उघड मिळणारं. एक्स्पोर्टरनं मला एक कागद दिला, त्यावर तीन ओळी आणि एक आकडा. पैसे आजतागायत पूर्ण मिळालेले नाहीत. पण त्याहून मला लागलं ते हे, की नियम कुठं झाला, कुणी केला, आधी कुणाला कळवला होता, हे सांगणारा एक माणूस आमच्या पूर्ण तालुक्यात नव्हता. कृषी खात्याकडे गेलो, बँकेत गेलो, एका वकिलाकडे गेलो. सगळे तो कागद उलटापालटा करून परत देत होते.

नंतर मी शिकलो. युरोपीय संघाचा 2005 चा 396 क्रमांकाचा कायदा आहे. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, तिथं किलोला 0.01 मिलिग्रॅम एवढंच चालतं. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. जर्मनीतल्या काही मोठ्या दुकानसाखळ्या या मर्यादेच्याही एक तृतीयांशावर अडून बसतात. कायद्यात तसं कुठंही नाही. मग का? कारण तिथल्या पर्यावरणवादी संघटना दुकानातली फळं उचलून तपासायच्या आणि दुकानाच्या नावासकट निकाल छापायच्या. गिऱ्हाईक बिथरलं आणि दुकानदारांनी आपली रेघ कायद्याच्याही खाली ओढली.

आता मला सांगा, हे कुठल्या एका विषयात शिकाल? कायदा शिकलेल्याला दुकानाचं वागणं कळणार नाही. भाषा शिकलेल्याला युरोपीय संघाच्या ब्रुसेल्समधल्या कचेऱ्यांत नियम कसा शिजतो ते कळणार नाही. हे सगळं एकत्र बघणारं कुणीतरी आपल्या घरातलं असावं, असं मला मनापासून वाटतं. या धाग्यावर तुमची मतं सांगा. विरोधातलीही सांगा, दाजींना दाखवायची आहेत.

अजिंक्यतारा (सातारा)

मी पस्तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. तुमची कळकळ समजते, तरीही मी दाजींच्या बाजूनं आहे.

अठराव्या वर्षी पाच विषय थोडे थोडे चाखले तर एकही पचत नाही. युरोपीय संघात 27 देश आहेत आणि 24 अधिकृत भाषा. 'युरोप' नावाचा एक विषय असतो, हीच समजूत आधी तपासायला हवी. पोर्तुगाल आणि फिनलंड यांना एका पेपरात बसवायचं म्हणजे केरळ आणि काश्मीरवर मिळून एक प्रश्न काढण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. जर्मन बी-टू पातळीपर्यंत यायला साधारण सहाशे ते आठशे तासिका लागतात, आणि ही पातळी म्हणजे वर्तमानपत्र अडखळत वाचण्याइतकी. आपल्याकडच्या अशा अभ्यासक्रमांत आठवड्याला भाषेचे चार तास आणि बाकी सगळं इंग्रजीतून. मुलगी चार वर्षांनी 1957 चा रोमचा करार, युरोपीय संघ स्थापन करणारा 1992 चा मास्ट्रिक्टचा करार, ब्रिटननं संघ सोडायचं ठरवलं ते 2016 चं ब्रेक्झिटचं मतदान यांवर छान टिपणं लिहील. पण ही टिपणं लंडनच्या वर्तमानपत्राच्या चष्म्यातून लिहिलेली असतील. त्याला युरोपचा अभ्यास म्हणायला माझं मन घेत नाही.

माझा सल्ला असा. सांगलीत किंवा साताऱ्यात इतिहास नाहीतर राज्यशास्त्र मेजर घ्या, नव्या शैक्षणिक धोरणात मायनरची, म्हणजे जोडविषयाची सोय आहे. भाषा स्वतंत्रपणे, जीव लावून शिका. युरोप एम.ए.ला घ्या. पाया एका विषयाचा हवा.

मिरज ते श्टुटगार्ट

मी मिरजेत नर्सिंगचं जीएनएम केलं. आता जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात एका रुग्णालयात आहे. 2024 मध्ये या राज्याचा आपल्या महाराष्ट्राशी मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून गावाकडून रोज कुणीतरी विचारतं, म्हणून लिहिते.

मामा, रागावू नका, पण इथं कुणी मला मास्ट्रिक्ट विचारलेलं नाही. विचारलं ते बी-टूचं प्रमाणपत्र आणि शिरेत सुई नीट टोचता येते का. हातात कसब असेल आणि भाषा असेल तर दार उघडतं. नुसता अभ्यास असेल तर दाराबाहेर उभं राहून दाराचं वर्णन करता येतं. आमच्या घरी तीन एकर जिरायत. चार वर्षांची फी भरून अशी पदवी घेणं आम्हाला शक्यच नव्हतं, आणि झालं असतं तरी मी नर्सिंगच केलं असतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, ती तुमच्या बाजूची आहे. मी 'गुटेन टाग' घोकून आले होते. पहिल्या दिवशी खोलीत गेले तर ऐंशीच्या आजी म्हणाल्या, "ग्र्यूस गॉट." इकडच्या दक्षिणेचा नमस्कार, शब्दशः देवाचं नाव घेऊन केलेला. मला कळलंच नाही. मी हसून गप्प राहिले आणि त्यांना वाटलं ही पोरगी उद्धट आहे. आठवडाभर त्या माझ्या हातून पाणीही घेईनात. भाषेच्या वर्गात हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि माझ्या करारात एक कलम होतं, दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर प्रशिक्षणाचा खर्च परत द्यायचा. मी न वाचता सही केली. कामगारांची निवडून दिलेली समिती प्रत्येक मोठ्या ठिकाणी असू शकते, तिच्याकडे दाद मागता येते, हे मला दहा महिन्यांनी एका तुर्की सहकाऱ्याकडून कळलं.

म्हणून माझं मत: कसब आधी, भाषा बरोबरीनं, आणि हे बाकीचं सहा महिन्यांचा वर्ग म्हणून प्रत्येक जाणाऱ्याला शिकवा. त्याची पदवी नको.

कृष्णाकाठ

बाई, सहा महिन्यांचा वर्ग शिकवणार कोण? ज्यानं चार वर्षं तेच केलंय, तोच ना? तुम्ही माझ्या भाचीची नोकरी शोधून दिलीत.

सर, तुमचा भाषेचा मुद्दा मान्य. अभ्यासक्रम मागवून भाषेचे तास मोजतो. तास कमी असतील तर मीच नको म्हणेन.

माणदेशी

मला मूळ प्रश्नच पटत नाही. युरोपनं आपला अभ्यास केला आणि आपल्यावर राज्य केलं. आता आपण आपल्या पोरांना त्यांचाच अभ्यास करायला पाठवायचं? साताऱ्या-पुण्याच्या दफ्तरांत मोडीचे रुमाल बांधून पडलेत, वाचायला माणूस नाही. आटपाडी-जतच्या दुष्काळावर, मेंढपाळांच्या वाटांवर, चारा छावण्यांवर धड अभ्यास नाही. ज्या पोरीच्या मामाला स्वतःच्या जिल्ह्यात नियम सांगणारा माणूस मिळाला नाही, तिनं आधी जिल्हा शिकावा. पैसा आणि बुद्धी दोन्ही थोडी आहेत आपल्याकडे. ती कुठं खर्चायची, हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा वाटतो.

अजिंक्यतारा

पदवीला माझा विरोध कायम ठेवून माणदेशींना उत्तर देतो, कारण या मुद्द्यावर मी गप्प बसू शकत नाही.

ग्रँट डफ 1818 पासून चार वर्षं साताऱ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी होता. इथं बसून त्यानं बखरी, कागद जमवले, माणसांना विचारलं आणि 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. एक परका अधिकारी आपली घडण समजून घ्यायला एवढा खपला. आता दुसरी बाजू पाहा. 1839 मध्ये कंपनीनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि 1853 पर्यंत, जवळजवळ चौदा वर्षं, तिथं झगडले. कंपनीचे संचालक वेगळे, भागधारकांची सभा वेगळी, पार्लमेंट वेगळं. दाद नेमकी कुणाकडे लागते, हे त्यांना तिथं जाऊन, कर्ज काढून, अपमान गिळून शिकावं लागलं. 1848 मध्ये गादी खालसा झाली तेव्हाही ते लंडनमध्येच होते. साताऱ्यातल्या चार भिंती स्मारकापाशी गेलो की मला दर वेळी वाटतं, या माणसाच्या पाठीशी तो देश ओळखणारी दहा माणसं असती तर?

आणि मोडीचं म्हणाल, तर आपला इतिहास नुसता मोडीत नाही. डचांची दफ्तरं हेगला आहेत, पोर्तुगीजांची गोव्यात आणि लिस्बनला. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांना पोर्तुगीज येत होतं म्हणून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा केवढा तरी भाग उजेडात आला. ज्या पोरीला मोडीही येते आणि जुनी डचही येते, अशी एक तयार झाली तर मी तिच्या पाया पडेन.

माणदेशी

सर, पिसुर्लेकरांचा मुद्दा मान्य. पण ते गोव्यात बसून आपलं काम करत होते. ही पोरगी चार वर्षांनी आपल्याकडे परत बघेल, याची खात्री कोण देणार? मोडी तिच्या अभ्यासक्रमात आहे का, तेवढं मामांनी विचारावं.

विट्याचा बाप

सगळं वाचलं. माझ्या दोन मुली आहेत, म्हणून एवढंच विचारतो, खर्चाचं काय? खासगी विद्यापीठाच्या फीत विट्यात एक गुंठा येतो. कर्मवीर अण्णांनी 'कमवा आणि शिका' काढली ती आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी. बाबासाहेबांनी 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या शाळेत पाऊल ठेवलं आणि पुढे लंडनला शिकले, बॉनपर्यंत गेले, ते शिष्यवृत्तीच्या आणि उसनवारीच्या जोरावर. हा विषय चांगला असेल तर तो रयतच्या कॉलेजात का नाही? फक्त पैसेवाल्यांच्या पोरांनी युरोप समजून घ्यायचा, आणि आमच्यांनी द्राक्षाला डिपिंग करायचं, घड औषधात बुडवत बसायचं?

सह्याद्री एक्स्प्रेस

विट्याच्या दादांचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात खरा आहे. मी कराडची. दिल्लीत जेएनयूमध्ये शिकले, फी नाममात्र होती. माहिती देते.

जेएनयूत भाषांची स्वतंत्र केंद्रं आहेत आणि युरोपच्या राजकारणाचं वेगळं केंद्र. दोन्हीकडचे वर्ग करता येतात, मी केले. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. पदवीनंतर युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती आहे, तिच्यात फी आणि महिन्याचा खर्च दोन्ही मिळतं. 'युरोकल्चर' नावाचा संयुक्त एम.ए. ग्रोनिंगेन, गोटिंगेन, क्राकूव अशा विद्यापीठांत मिळून होतो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. मात्र श्टुटगार्टच्या ताई राहतात त्या राज्यात 2017 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो भरावे लागतात, हे लक्षात ठेवा.

आणि सर, एका विषयाचा पाया म्हणता, पण माझा अनुभव उलटा आहे. मी आधी फक्त फ्रेंच साहित्य शिकले. 1962 पासून युरोपचं एक सामाईक शेतीधोरण आहे, फ्रेंच शेतकरी ट्रॅक्टर घेऊन पॅरिस अडवतो तो त्यापायी, हे मला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी कळलं. तोवर मी त्यांच्या कादंबऱ्यांतलं खेडं म्हणजे नुसतं निसर्गवर्णन समजत होते. ऊसपट्ट्यातली मुलगी असून! ती तीन वर्षं मला परत हवी आहेत.

कृष्णाकाठची भाची

मामांनी धागा दाखवला. सगळ्यांचं वाचलं, दोनदा.

मला खरं तर जर्मन नाही, पोलिश शिकायचं आहे. माझ्या आईची आजी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या शेजारची. 1943 ते 1948 तिथं पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सैबेरियातून सुटून, इराणमार्गे आलेली बायका-मुलं. पणजी तिथं रोज सकाळी भाजी विकायला जायची. तिला शेवटपर्यंत दोन शब्द येत होते. 'जेन दोब्री' म्हणजे नमस्कार आणि 'झेम्न्याकी' म्हणजे बटाटे. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ती माणसं कुठून आली, त्यांना कुणी हाकललं, परत का गेली नाहीत, हे मी घरात सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. पोलंड शोधायला गेले तर रशिया लागला, जर्मनी लागला, महायुद्धाच्या शेवटची याल्टाची परिषद लागली, धर्म लागला. म्हणून मला एकच विषय नकोय.

माणदेशी काका, छावणीत ज्यांनी भाजी विकली, दूध घातलं, त्यांच्या आठवणी मराठीत आहेत. छावणीतल्यांच्या पोलिशमध्ये. दोन्ही शेजारी ठेवून वाचायच्या आहेत मला.

फीचं म्हणाल तर ते खासगी विद्यापीठ मी कालच यादीतून काढलं. तिथं पोलिश नाहीच. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

सह्याद्री एक्स्प्रेस

दिल्ली विद्यापीठात स्लाव्होनिक आणि फिनो-उग्रियन अभ्यासाचा विभाग आहे, तिथं पोलिश शिकवतात. प्रवेशाचं वेळापत्रक आजच बघ, आणि तोवर सरांकडे मोडीचा वर्ग लाव.

अजिंक्यतारा

रविवारी सकाळी दहाला ये. वही आणि बोरू मी देईन.