सामना बरोबरीत सुटला तर विजेता नाणेफेकीने ठरवावा का?

वाडीचा कार्यवाह (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या सुट्टीत चाकरमानी घरी आले की आमच्या गावात वाड्यावाड्यांमध्ये टेनिस चेंडूच्या क्रिकेटची स्पर्धा होते. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात दोन्ही संघांच्या धावा सारख्या झाल्या. सूर्य बुडायला आला होता आणि आमच्या नियमावलीत बरोबरीबद्दल एक ओळही नव्हती. म्हणून आम्ही आयोजकांनी दोन्ही कर्णधारांना बोलावून नाणे उडवले आणि चषक एका वाडीला देऊन टाकला. दुसऱ्या वाडीच्या मुलांनी तिथे तंटा केला नाही, परंतु सामान आवरताना त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, "काका, आम्ही हरलो कधी, तेवढं सांगा." मला उत्तर देता आले नाही, आणि यंदा त्या वाडीने अजून प्रवेश अर्ज नेलेला नाही.

माझा मुलगा अमेरिकन फुटबॉल आवडीने पाहतो. त्याचे म्हणणे असे की, तिकडे नेमक्या याच प्रश्नावर अनेक वर्षे वाद चालला असून नियम पुनःपुन्हा बदलावे लागले आहेत. यंदाची नियमावली मी लिहायला घेतली आहे. इतर खेळांनी हा प्रश्न कसा सोडवला आणि त्यातले आमच्या मैदानावर काय चालेल, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

निवृत्त दर्यावर्दी (रत्नागिरी)

मी मालवाहू जहाजांवर नोकरी केली आणि अमेरिकेच्या बंदरांत मुक्काम पडला की तिथल्या सहकाऱ्यांबरोबर हा खेळ पाहत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या खेळात चेंडू ज्याच्या ताब्यात, तो संघ चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकला की त्याला पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम पट्ट्यात नेला तर टचडाउनचे सहा गुण, आणि तिथवर पोहोचणे शक्य नसेल तर खांबांमधून लाथेने चेंडू उडवून फील्ड गोलचे तीन गुण. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक साखळी स्पर्धेने १९७४ साली साखळी सामन्यांसाठी जादा वेळ सुरू केला, तेव्हा नियम साधा होता: जो आधी गुण मिळवील तो जिंकला. नाणेफेक जिंकणारा संघ अर्थातच चेंडू मागून घेई, आणि एका फील्ड गोलवर सामना संपे. दुसऱ्या संघाच्या आक्रमणाला चेंडूचा स्पर्शही होत नसे. पुढे २०१० साली बाद फेरीसाठी अशी दुरुस्ती झाली की, पहिल्या डावात केवळ फील्ड गोल झाला तर दुसऱ्या संघाला संधी मिळावी. टचडाउन झाला तर मात्र सामना तिथेच संपावा.

या अर्धवट दुरुस्तीने वाद मिटला नाही. २३ जानेवारी २०२२ रोजी कॅन्सस सिटी चीफ्स आणि बफेलो बिल्स यांचा बाद फेरीचा सामना झाला. ठरलेल्या वेळेतल्या शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून २५ गुण केले आणि गुणफलक ३६-३६ असा झाला. चीफ्सने नाणेफेक जिंकली, चेंडू घेतला, टचडाउन केला आणि सामना ४२-३६ असा संपला. बिल्सच्या आक्रमणाचा सूत्रधार जॉश ॲलन त्या दिवशी अप्रतिम खेळला होता, पण जादा वेळेत त्याला मैदानाबाहेर उभे राहून पाहावे लागले. आपल्या वाडीतल्या मुलाचा प्रश्न त्याचाही असणार. हेही नमूद करायला हवे की, त्या सामन्याच्या तीन वर्षे आधी पेट्रियट्सविरुद्ध चीफ्स स्वतः अशाच रीतीने हरले होते आणि नियम बदलावा असा प्रस्ताव त्यांनीच मांडला होता. तो तेव्हा मंजूर झाला नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर २०२२ पर्यंत बाद फेरीचे १२ सामने जादा वेळेत गेले आणि त्यांपैकी १० सामने नाणेफेक जिंकणाऱ्याने जिंकले. अखेर २०२२ मध्ये बाद फेरीसाठी आणि २०२५ मध्ये साखळी सामन्यांसाठी दोन्ही संघांना चेंडू मिळेल असे ठरले.

माझ्या दृष्टीने खरा धडा याच्या पुढे आहे. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने नाणेफेक जिंकून पहिला डाव घेतला आणि फील्ड गोल केला. आता चीफ्सना नेमके किती हवे ते ठाऊक होते. आपल्याच भागात त्यांचा चौथा प्रयत्न आला, एक यार्ड कमी होता. एरवी अशा वेळी चेंडू लांब मारून देऊन टाकतात. त्यांना मात्र तो प्रयत्न खेळावाच लागणार होता, ते खेळले, पुढे सरकले आणि टचडाउन करून २५-२२ असे जिंकले. म्हणजे दोघांना संधी दिली तरी दोघांची संधी सारखी नसते, कारण मागून खेळणाऱ्याला लक्ष्य दिसत असते. म्हणून "दोन्ही संघांना एकेक षटक मिळेल" एवढेच लिहून थांबू नका. आधी कोण खेळणार, हे कशावरून ठरेल तेही लिहा.

जुना चढाईपटू (अलिबाग)

दर्यावर्दी काकांच्या मुद्द्याशी मी निम्मा सहमत आहे. मागून खेळणाऱ्याला लक्ष्य दिसते हे खरे, पण दडपणही त्याच्याच डोक्यावर असते. फुटबॉलच्या पेनल्टींमध्ये पहिली किक मारणारा संघ फायद्यात राहतो असे मानून २०१७ मध्ये क्रम बदलून पाहण्यात आला: पहिली किक एका संघाची, नंतरच्या दोन दुसऱ्याच्या, पुढच्या दोन पुन्हा पहिल्याच्या. हा प्रयोग गुंतागुंतीचा ठरवून पुढच्याच वर्षी सोडून दिला गेला. याचे मला वाईट वाटते, कारण टेनिसच्या टायब्रेकमध्ये सर्व्हिस याच क्रमाने फिरते आणि प्रेक्षकांना त्याची कसलीच अडचण होत नाही.

कबड्डीत बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला की पाच-पाच चढायांचा डाव होतो, हे येथे सर्वांना ठाऊक आहेच. त्याचा गुण असा की चढाया आलटून-पालटून होतात, त्यामुळे लक्ष्य आणि दडपण दोन्ही चढाईगणिक इकडून तिकडे जातात, आणि निदानरेषा हीच बोनस रेषा धरल्याने निकालही लवकर लागतो. तुमच्या क्रिकेटलाही हे जमेल. एका संघाने सलग सहा चेंडू खेळण्याऐवजी तीन-तीन चेंडूंचे दोन तुकडे करा आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा ठेवा.

नाणेफेकीविषयी मात्र माझे मत ठाम आहे. सुरुवात कोणी करावी हे नाण्याने ठरवायला हरकत नाही, कारण त्यानंतर खेळून निकाल फिरवता येतो. शेवट नाण्याने करू नये. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना गोलशून्य राहिला आणि नाणे उडवून इटलीला अंतिम फेरीत पाठवले गेले. त्यानंतर दोनच वर्षांत पेनल्टींचा नियम आला.

किनाऱ्यावरची शिक्षिका (मालवण)

विजेता एकच असावा हा आग्रह कशासाठी? टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी दोघेही २.३७ मीटरवर थांबले आणि दोघांनी सुवर्णपदक वाटून घेतले. २००२ ची चॅम्पियन्स ट्रॉफी पावसामुळे भारत आणि श्रीलंका यांना विभागून दिली गेली. वाड्यांच्या स्पर्धेत चषक सहा-सहा महिने दोन्हीकडे राहिला तर कोणाचे काय बिघडते?

वाडीचा कार्यवाह (गुहागर तालुका)

बाईंची सूचना मनापासून आवडली, पण बार्शिम आणि तांबेरी यांनी ते दोघांच्या संमतीने ठरवले होते. आमच्याकडे दोन्ही कर्णधार एकत्र येऊन मागतील तर चषक विभागून द्यावा, असे कलम मी जरूर घालीन. आयोजकांनी आपण होऊन तसे करावे हे मला पटत नाही. मुले महिनाभर सराव करून आलेली असतात, त्यांना खेळून निकाल हवा असतो.

चढाईपटूंची तीन-तीन चेंडूंची कल्पना न्याय्य आहे, मात्र फलंदाज दोनदा आत-बाहेर करण्यात उजेड जाईल अशी भीती वाटते.

सड्यावरचा पंच (देवगड)

मी तालुक्यातल्या अनेक स्पर्धांत पंच म्हणून उभा राहिलो आहे. क्रिकेटच्या सुपर ओव्हरमध्ये क्रमाचा प्रश्न नाण्याविना सुटलेला आहे: मूळ सामन्यात जो संघ नंतर फलंदाजी करतो, तो सुपर ओव्हरमध्ये आधी फलंदाजी करतो. एकदा लक्ष्य दिसण्याचा लाभ एकाला मिळाला, की पुढच्या वेळी तो दुसऱ्याला मिळतो. सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली तर काय, हे आधी लिहून ठेवा. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर दोन्ही संघांच्या २४१ धावा झाल्या, सुपर ओव्हरमध्येही १५-१५ झाल्या आणि इंग्लंडचे चौकार-षटकार २६ व न्यूझीलंडचे १७ म्हणून इंग्लंड जिंकले. तो नियम आधीच छापलेला होता, तरी लोकांना तो रुचला नाही आणि आयसीसीने त्याच वर्षी तो बदलून निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळवण्याचे ठरवले.

तुमच्याकडे उजेड पुरणार नाही, म्हणून दुसरी पायरी म्हणून बोल-आउट ठेवावा असे सुचवतो. २००७ साली डर्बनला भारताने पाकिस्तानला असेच ३-० हरवले होते. पाच-पाच गोलंदाज, समोर फलंदाज नाही, फक्त यष्टी. दहा मिनिटांत आटोपते.

एक गोष्ट मात्र मोठ्या स्पर्धांच्या नियमांतून तुम्हाला मिळणार नाही. किनाऱ्यालगतच्या मैदानावर तिसऱ्या प्रहरी खारा वारा जोरात असतो. एका बाजूने मारलेला चेंडू आपोआप सीमेपार जातो आणि दुसऱ्या बाजूने तोच हवेत लटकून झेल होतो, त्यातही टेनिसचा चेंडू हलका. दोन्ही संघांची षटके एकाच टोकाकडून टाकली जातील, असे स्पष्ट लिहा. मी स्वतः एकदा हे विसरलो होतो आणि त्या सामन्याचा निकाल आजही मला योग्य वाटत नाही.

वाडीचा कार्यवाह (गुहागर तालुका)

पंचांचे विशेष आभार. वाऱ्याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. कलमाचा मसुदा असा केला आहे: "अंतिम सामना बरोबरीत सुटल्यास दोन्ही संघ एकेक षटक खेळतील. मूळ सामन्यात नंतर फलंदाजी केलेला संघ आधी खेळेल व दोन्ही षटके एकाच टोकाकडून टाकली जातील. पुन्हा बरोबरी झाल्यास पाच-पाच चेंडूंचा बोल-आउट होईल. कोणत्याही टप्प्यावर दोन्ही कर्णधारांनी एकत्र मागणी केल्यास चषक विभागून दिला जाईल." अंतिम सामनाही साडेचारऐवजी तीन वाजता सुरू करणार आहोत.

प्रवेश अर्जाबरोबर हे कलम घेऊन रविवारी मी स्वतः त्या वाडीत जाणार आहे. बोल-आउटमध्येही पाच चेंडूंनंतर बरोबरी राहिली तर एकेक चेंडू पुढे चालू ठेवावा ना, एवढे पंचांनी त्याआधी कळवावे.

सड्यावरचा पंच (देवगड)

होय, एकेक चेंडू, निकाल लागेपर्यंत. आणि बोल-आउटसाठीही टोक तेच ठेवा.