पिंजरा गेला, पुढचं काय?

'पिंजरामुक्त अंडी (म्हणजे पिंजऱ्यात न कोंडलेल्या कोंबड्यांची) घ्या, मग मनाला टोचणी नाही' असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. पिंजरा वाईटच. युरोपीय संघात जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंमी जागा द्यायचा नियम होता, म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही कमी. पंख पसरायचे तर शेजारणीच्या अंगावरच. २०१२ पासून तिथे असे पिंजरे बंद झाले, बरंच झालं.

पण अंड्यांसाठीच्या जातीतले नर ना अंडी देत, ना मांसासाठी परवडण्याइतके भरत. म्हणून बहुतेक ठिकाणी त्यांना जन्मल्या दिवशीच मारतात, मग त्यांच्या बहिणी पिंजऱ्यात जाणार असोत की मोकळ्या शेडमध्ये. खोक्यावरच्या हिरव्यागार कुरणाच्या चित्रात हे कुठून दिसणार! जर्मनीने २०२२ पासून ही कत्तल बंद केली. पिल्लू नर की मादी हे तिथे आता अंड्यातच ओळखतात.

मी स्वतः लेबलं वाचत बसण्यापेक्षा अंडी कमी केली. सोडलेली नाहीत, कुणी आयतं पुढ्यात ठेवलं की माझी तत्त्वं जरा पातळ होतात.