खाणीला गाव संमती कधी देतं? डिचोलीच्या निमित्ताने

डिचोलीकर: 2022च्या डिसेंबरात गोव्यातल्या डिचोलीचा लोहखनिजाचा खाणपट्टा, म्हणजे लीझ, लिलावात गेला. त्यात येणाऱ्या मुळगावचे लोक म्हणतात, घरं, देवळं, शेतं लीझमधून वगळा. लगेच काहींचा शेरा, 'यांना रोजगार नकोय!' नकाशात आपलं घर लीझच्या आत दिसल्यावर कोण सही करेल? माझं मत स्पष्ट आहे: जमीन आणि पाणी शाबूत राहील याची खात्री नसेल, तर पैशाने संमती मिळत नाही. खंदक खोल गेले तशा शिरगावच्या विहिरी आटल्या, हे आसपासच्या गावांनी पाहिलंय.

ट्रकमालक_सत्तरी: पाण्याचं खरं आहे. पण 2012ला खाणी बंद पडल्या, मग 2018ला सुप्रीम कोर्टाने 88 लीझ रद्द केल्या, तेव्हा आमच्याकडे कोण आलं? ट्रक दारात उभा, टायर भेगाळले, बँकेचा हप्ता मात्र चालूच. गॅरेजवाला, टायरवाला, चहावाला, सगळेच बसले. खाणी पोर्तुगीज काळापासून आहेत. चूल पेटते म्हणून गाव हो म्हणतं.

शेतकरीण: भाऊ, तो होकार ट्रकवाल्यांचा. पहिल्या मोठ्या पावसात डंपची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाची, लाल माती ओहोळातून शेतात उतरते, वर कडक थर बसतो, पुढचं वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भातपीक, गेलंच. 2017ला सत्तरीतल्या सोनशी गावच्या लोकांनी धूळ आणि पाण्यासाठी ट्रक अडवले, तर 45 जण तुरुंगात गेले. तेही गावच होतं ना?

हिशेबी: पैशाचंच बोलायचं तर जिल्हा खनिज निधीचं बघा, खाणीची झळ बसलेल्या गावांसाठीचा तो निधी. जुन्या लीझवर रॉयल्टीच्या 30 टक्के जमा व्हायचे, लिलावाच्या लीझवर 10 टक्केच. लिलावाची बोली सरकारी तिजोरीत, धूळ गावात. मग लोक चिडणारच.

डिचोलीकर: ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या खाणीबद्दल 2013मध्ये कोर्टाच्या आदेशाने 12 ग्रामसभांना विचारलं, बाराही नाही म्हणाल्या. आपल्याकडे जनसुनावणीत लोक बोलतात आणि कागद पुढे सरकतो.

ट्रकमालक_सत्तरी: तिथे आदिवासींसाठी वनहक्क कायदा होता, त्यांच्यासाठी डोंगरच देव होता. ती तुलना इथे लागू नाही. घरं, देवळं वगळा, माझा विरोध नाही. गावातून ट्रक नकोत तर बगलरस्ता आधी करा. पण ट्रक स्थानिकांचेच लागले पाहिजेत आणि भाडं आधी लेखी ठरलं पाहिजे.

शेतकरीण: मग शेतातला गाळ कोण काढणार, तेही त्याच कागदावर लिहा.