मुलीच्या बायोमेडिकलसाठी ‘सेफ्टी’ कॉलेज नक्की कशाला म्हणायचं?

वागळेकर (ठाणे):

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमध्ये माझा हॉस्पिटलची उपकरणं दुरुस्त करायचा छोटा धंदा आहे. सिरिंज पंप, मल्टीपॅरा मॉनिटर, डिफिब (हृदयाला शॉक द्यायचं यंत्र). एएमसी (वर्षाचे देखभालीचे करार) आणि एनएबीएच या हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेसाठी लागणारी कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं, यावर घर चालतं. मुलगी बारावीला आहे. सातवीत असताना जेवणाच्या टेबलावर मी उघडून ठेवलेला पंप तिने मी आंघोळीहून येईपर्यंत जोडून ठेवला होता (एक स्क्रू उरला, तो अजून तिच्या कंपासात आहे). तेव्हापासून आमच्याकडे शाखेचा प्रश्न मिटलाय: बायोमेडिकल, म्हणजे वैद्यकीय उपकरणांचं इंजिनिअरिंग.

आता तिला अमेरिकेला जायचंय. एका काउन्सेलरने बारा कॉलेजांची यादी दिली: सात ड्रीम (मिळालं तर नशीब), तीन मॅच (मिळण्यासारखी), दोन सेफ्टी (नक्की मिळतील अशी). त्यातल्या एका सेफ्टीची चार वर्षांची फी मांडली तर माझा गाळा विकावा लागतो. मी म्हटलं, “ही सेफ्टी कोणाची?” तर म्हणे, “काका, ॲडमिशनची.” दहावीला ९५ टक्के, अकरावीला ९१, एसएटी (तिकडच्या प्रवेशाची परीक्षा) १६०० पैकी १४३०, त्यात गणित ७६०. वर्षाला राहणं-खाणं धरून ३५ लाखांच्या वर उडी नाही, त्यातही निम्मं कर्ज. मॅच म्हणजे पर्ड्यू, मिनेसोटा आणि केस वेस्टर्न असं त्याचं म्हणणं. बरोबर आहे का? आणि जॉन्स हॉपकिन्सला अर्ज करण्यात अर्थ आहे का? ती त्याच्यावरच अडून बसलीय.

नेरूळची आई:

वागळेकर, माझा मुलगा अमेरिकेत बायोमेडिकल करून आला, आणि मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर अकरा वर्षं काढली. त्यामुळे थोडं फटकळ लिहिते, राग मानू नका.

यादी खालून करायला घ्या. सगळे वरून करतात, आणि डिसेंबरात दमल्यावर सेफ्टीच्या नावाखाली काहीही भरतात.

आधी हॉपकिन्स. तिथे बायोमेडिकलची दारं वेगळी आहेत. अर्जात पहिली पसंती बायोमेडिकल लिहिली तर ती शाखेसाठी वेगळी तपासतात. विद्यापीठात घेतलं पण बायोमेडिकल दिलं नाही, असं होऊ शकतं, आणि नंतर आत शिरणं अवघड. ड्रीम म्हणून एक अर्ज करू दे. पण तिला आत्ताच विचारा, शाखा मिळाली नाही तर तिकडे बाल्टिमोरला, हॉपकिन्सच्या गावी, काय करणार?

पर्ड्यूचं गणित निराळं. तिथे सगळी मुलं पहिलं वर्ष सामायिक इंजिनिअरिंगमध्ये, शाखा नंतर. त्यामुळे वेबसाइटवर अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेशाचा आकडा बघून ‘मॅच’ म्हणू नका, इंजिनिअरिंगला चुरस जास्त असते. १४३० ला मी पर्ड्यूला मॅचच्या वरच्या टोकाला, ड्रीमच्या जवळ ठेवीन. २०१३ पासून त्यांनी शिक्षणशुल्क गोठवलंय, हे खरं, तरी राहण्यासकट तुमच्या ३५ लाखांत ते बसणार नाही. मिनेसोटा त्याहून महाग. केस वेस्टर्न खासगी, तिथे मोठी स्कॉलरशिप मिळाली तरच विषय, म्हणजे पैशाच्या हिशेबाने तेही ड्रीमच.

आणि एक फसवी गोष्ट. कॉलेजच्या वेबसाइटवरचा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ (सवलत वजा जाता किती पडेल ते सांगणारा) बहुतेक ठिकाणी अमेरिकेतल्या मुलांसाठी असतो. मी त्याच्यावर विसंबून एक कॉलेज वहीत हिरव्या पेनाने, म्हणजे परवडणारं म्हणून, लिहिलं होतं, पत्र आल्यावर लाल करावं लागलं. परदेशी मुलांच्या मेरिट स्कॉलरशिपचं पान वेगळं असतं, ते शोधा. जिथे मार्क आणि एसएटीवरून रक्कम आधीच लिहिलेली आहे, तिथेच सेफ्टी हा शब्द वापरा. बाकी सगळं आशेवर. आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) मिळायला पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च कागदावर दाखवावा लागतो, आशा दाखवून चालत नाही. सरकारी बँकेत साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात, मार्जिन (खर्चातला आपल्या खिशातला वाटा) साधारण १५ टक्के. तुमचा गाळा कोणाच्या नावावर आहे, ते आत्ताच बघा. आमच्याकडे आलेल्या निम्म्या फायली सातबारा किंवा सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अडायच्या.

खरी सेफ्टी इकडेच ठेवा. राउरकेला आणि रायपूर, दोन्ही एनआयटींत बायोमेडिकलचं बी.टेक. आहे, हैदराबादच्या आयआयटीतही आहे, मणिपालला आहे, शिवाय आपली सीईटी. फक्त जेईईचं पहिलं सत्र जानेवारीत आणि तिकडच्या बऱ्याच अर्जांची शेवटची तारीख १ जानेवारी. आमच्या घरी त्या डिसेंबरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

ऐरोली_मेकॅट्रॉनिक्स:

ताईंनी पैशाचं सगळं सांगितलंच. मी शाखेवर बोलतो, मी स्वतः मुंबई विद्यापीठाचा बायोमेडिकल. चार वर्षांत सगळं थोडं थोडं शिकवतात आणि मुलाखतीत मेकॅनिकलवाला, इलेक्ट्रॉनिक्सवाला पुढे जातो. म्हणून कॉलेज निवडताना तिसऱ्या वर्षाचे विषय उघडून बघा. सिग्नल प्रोसेसिंग, एम्बेडेड, कंट्रोल खोलात आहेत का? अॅबेटची (इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम तपासणारी तिकडची संस्था) मान्यता आहे का?

सिनसिनाटी बघितलं का? को-ऑप, म्हणजे शिकता शिकता कंपनीत काम, ही पद्धतच तिथे १९०६ साली सुरू झाली. एक सत्र वर्ग, एक सत्र पगारी काम. मात्र परदेशी मुलांनी कामाच्या फेऱ्या मोजायच्या. पूर्णवेळ सीपीटी (शिकत असताना काम करायची परवानगी) १२ महिने भरली की त्या पदवीवरची ओपीटी (पदवीनंतर काम करायची परवानगी) जाते, आणि तिच्या मागून मिळणारी २४ महिन्यांची वाढही.

मिनेसोटा मात्र यादीतून सहज काढू नका. मेडट्रॉनिक ही वैद्यकीय उपकरणांची मोठी कंपनी तिथल्याच एका गॅरेजमध्ये १९४९ ला सुरू झाली, आणि तिचे एक संस्थापक अर्ल बाकेन तेव्हा काय करायचे? हॉस्पिटलची उपकरणं दुरुस्त करायचे. १९५७ ला बॅटरीवरचा पेसमेकर त्यातूनच आला. तुमच्या गाळ्यासारखाच प्रकार.

वागळेकर:

ताई, वही आणली, हिरवं पेनही. गाळा वडिलांच्या नावावरच निघाला, वारस नोंद व्हायचीय, उद्याच कचेरीत जातो. हॉपकिन्सवर तिला तुमचा प्रश्न विचारला. दहा मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, “मग मी राउरकेलाला जाईन.” म्हणजे अर्ज राहतोय, पण हट्ट गेला. केस वेस्टर्न तिने स्वतःच खोडलं.

ऐरोलीकर, बाकेनचं मी तिला सांगायला नको होतं. आता मिनेसोटा पहिल्या नंबरावर आहे आणि तिची आई तिथलं जानेवारीतलं तापमान मोठ्याने वाचून दाखवतेय. परदेशी मुलांच्या स्कॉलरशिपचं तिथलं पान मला सापडलंय, शनिवारी दुकान बंद झाल्यावर बसून वाचतो.