दुप्पट एक्सपी देऊन ऐरण चालणार नाही

ऐरण
आपल्या पुण्याच्या ऑनलाइन गेमवाल्यांच्या गटात काल एकानं लिहिलं: "नवे खेळाडू क्राफ्टिंग (गेममध्ये वस्तू बनवणं) सोडतात, कारण ते संथ आहे. पहिल्या ३० लेव्हलना एक्सपी (अनुभवाचे गुण) दुप्पट करा, प्रश्न मिटला." वाचून राहवलं नाही, म्हणून हा धागा.

ओल्ड स्कूल रूनस्केप हा गेम बघा. रून प्लेटबॉडी, म्हणजे रून धातूचं चिलखत, घालायला डिफेन्स (बचाव) लेव्हल ४० आणि ड्रॅगन स्लेअर ही क्वेस्ट (मोहीम) लागते. तीच बनवायला स्मिदिंग (लोहारकाम) ९९, म्हणजे १,३०,३४,४३१ एक्सपी! स्टीलची घालायला डिफेन्स ५, बनवायला स्मिदिंग ४८. ज्याला हवी त्याला बनवता येत नाही आणि ज्याला बनवता येते त्याला ती नको असते. एक्सपी दुप्पट केलात तर लेव्हलसाठी ठोकावे लागणारे बिनकामाचे खंजीर निम्मे होतील, कामाचा एकही होणार नाही.

नाइट्स सोर्ड क्वेस्टमध्ये १२,७२५ स्मिदिंग एक्सपी मिळतो. लेव्हल १ वरून थेट २९. म्हणून प्रत्येक गाइड नव्याला ती क्वेस्ट आधी करायला सांगतं. जो टप्पा गाळणं हाच उत्तम सल्ला, तो टप्पा मुळात चुकलाय. रूनस्केप ३ नं (त्याच गेमची दुसरी आवृत्ती) जानेवारी २०१९ मध्ये तो दुरुस्त केला: रून बनवायला ५०, घालायलाही ५०.

कर्वेरोड
असहमत. अर्धीच गोष्ट सांगितलीत. रून प्लेटबॉडीवर हाय अल्केमी (वस्तूची नाणी करणारा मंत्र) मारली की ३९,००० नाणी मिळतात, आणि ती कुणाच्या खिशातून येत नाहीत, नवी छापली जातात. धातूच्या पाच बारची ही वस्तू ५० लेव्हलला खुली केली की सगळे बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) तिथंच बसतील. महागाई पहिल्यांदा कुणाला लागते? नव्यालाच. रूनस्केप ३ ला त्यासाठी मॉन्स्टरचे ड्रॉप (मारल्यावर मिळणारा माल) बदलून साल्व्हेज (घालता न येणारं भंगार) आणावं लागलं, ते का गाळलंत?

ऐरण
गाळलं नाही, राहिलं. ड्रॉपही बदलावे लागतात, हे मान्य. पण त्यावरून काम मोठं आहे एवढंच ठरतं. करू नये, असं ठरत नाही.

शिंपीआळी
लेव्हल जुळवत बसण्यापेक्षा जे वापरायला लेव्हलच लागत नाही ते बनवू द्या की. वॉव क्लासिकमधली (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती) लिननची पिशवी: टेलरिंग (शिवणकाम) ४५, तीन बोल्ट (कापडाचे तागे), तीन कोर्स थ्रेड (जाडा दोरा). एका बोल्टला दोन लिनन, म्हणजे सहा कापडांत सहा खणांची पिशवी. ती प्रत्येक नव्या कॅरेक्टरला हवी असते. ४५ पर्यंत नुसते बोल्ट विणा, तेच पुढं पिशवीत जातात. नवे चुकतात ते रेसिपीच्या रंगात. केशरीला कौशल्याचा पॉइंट नक्की, हिरव्याला क्वचित, करड्याला कधीच नाही. करडी झालेली रेसिपी करत राहतात, कापड संपतं आणि मग म्हणतात क्राफ्टिंग फसवं आहे.

गुलटेकडी
पिशवी बनवली, पुढं काय? खरा घात गेममधल्या लिलावात होतो. वॉवमध्ये विकणाऱ्याकडून ५ टक्के कापतात, माल खपला नाही तर डिपॉझिटही जातं. अल्बियन या गेममध्ये प्रीमियमवाल्याला (प्रीमियम सदस्याला) ४ टक्के कर, बिनप्रीमियमवाल्याला ८, वर विक्रीची ऑर्डर लावायचे २.५ टक्के. आणि बिनप्रीमियम कोण? बहुतेक नवेच! ही सरळ मार्केट यार्डातली अडत आहे. २०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. गेमनंही कर खरेदीदारावर टाकावा.

कर्वेरोड
त्यानं काय होणार? खरेदीदार बोलीच तेवढी कमी लावणार. शिवाय हा कर म्हणजे अडत नव्हे. अडत आडत्याच्या खिशात जाते, गेममधला कर नष्ट होतो. ओल्ड स्कूल रूनस्केपच्या ग्रँड एक्स्चेंज या बाजारावर डिसेंबर २०२१ मध्ये १ टक्का लावला, तो नाणी आणि जादा माल गेममधून काढण्यासाठी.

गुलटेकडी
"बोली कमी लावणार" हे पुस्तकातलं झालं. पहाटे यार्डात ढिगाशेजारी उभं राहून हे बोला. पट्टीतून कापलेला पैसा डोळ्यांना दिसतो, बोलीत मुरलेला दिसत नाही. नवा खेळाडूही तेच बघतो: विकलं १०० ला, हातात आले ९२ पेक्षा कमी. तिथंच तो सोडतो.

कर्वेरोड
म्हणजे नुकसान तेवढंच, फक्त दिसू द्यायचं नाही? ही नव्याची फसवणूक आहे, मदत नाही.

गुलटेकडी
फसवणूक हा शब्द मागे घ्या. जो आधीच कमी कमावतो त्याच्याकडून दुप्पट टक्का घेणं, ही फसवणूक.

शिंपीआळी
अवांतर पुरे, दोघंही थांबा. लिलाव टाळण्याचा रस्ता आहेच. वॉवमध्ये २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइट या विस्तारापासून क्राफ्टिंग ऑर्डर आहेत: माल गिऱ्हाइकाचा, मजुरी कारागिराची.

ऐरण
त्यात दर्जा १ ते ५ आहे. प्रत्येकाला ५ हवा, मग नव्याला कोण ऑर्डर देणार? पुढच्या विस्तारात गेमनंच पेट्रन ऑर्डर द्यायला सुरुवात केली, ते बरं. फायनल फँटसी १४ या गेममधल्या लेव्ह (माल बनवून द्यायची ठरलेली कामं) त्याहून सरळ. १२ तासांना ३ मिळतात, साठा १०० पर्यंत, आणि एचक्यू (उंची दर्जाचा) माल दिला तर मोबदला जास्त. गिऱ्हाईक ठरलेलं असतं, म्हणून नवा निवांत हात बसवतो. ४० ड्युरेबिलिटीच्या (टिकाऊपणाच्या) वस्तूत प्रत्येक घावाला १० जातात. क्वालिटीच्या मागे लागून चार घावांत प्रोग्रेस (बनवण्याचं काम) भरला नाही, तर वस्तू गेली. ८८ सीपी (क्राफ्टिंगचे पॉइंट) खाणारं मास्टर्स मेंड हे दुरुस्तीचं कौशल्य ३० ड्युरेबिलिटी परत देतं, ते शून्यावर पोचायच्या आधी वापरायचं. असं काही शिकवणारं क्राफ्टिंग असलं की एक्सपीची ओरड होत नाही.

कर्वेरोड
ठरलेलं गिऱ्हाईक, दिवसाला मर्यादा, म्हणजे बॉटलाही मर्यादा. हे पटतं. रूनचं मात्र अजूनही पटलेलं नाही.

गुलटेकडी
मग अल्बियननं पहिला महिना तरी ४ टक्केच घ्यावेत.

कर्वेरोड
फक्त स्वतः बनवलेल्या मालावर. नाहीतर व्यापारी रोज नवी खाती काढतील. तिथं तलवार-चिलखतावर कारागिराचं नाव असतं, तेव्हा ओळखता येईल. बार आणि कापडावर नाव नसतं, ते वगळावं लागेल.