डहाणू लोकलने समुद्राकाठच्या गावी: तुमचे अनुभव सांगा

आईला आणि माझ्या दहा वर्षांच्या लेकीला एका रविवारी समुद्राकाठच्या गावांत न्यायचंय. गाडी भाड्याने करायची नाही, रेल्वेनेच जायचं, कारण खिडकीपाशी बसून बाहेर बघत जाणं हे आईचं फार आवडीचं. आम्ही डोंबिवलीचे. बेत असा आहे: सकाळी केळवे, दुपारी डहाणू, संध्याकाळी बोर्डी आणि रात्री घरी. आईचे गुडघे दुखतात, जिने फार झेपत नाहीत. तुम्ही या पट्ट्यात गेला असाल किंवा तिकडचेच असाल, तर काय जमलं, काय फसलं ते लिहा. वेळापत्रक माझ्याकडे आहे. त्यात जे लिहिलेलं नसतं ते हवंय.

सफाळ्याहून, रोजचं अप-डाऊन करणारा

ताई, तीन गावं एका दिवसात करू नका. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

विरारपर्यंतची लोकल आणि विरारच्या पुढची लोकल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विरार ते डहाणू रोड हे साधारण ६४ किलोमीटर. २०१३ मध्ये लोकल तिथवर आली, पण रूळ दोनच होते आणि त्यांवरूनच लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्याही धावत आल्या. चौपदरीकरणाचं काम चालू आहे. त्यामुळे इकडे लोकल मोजक्या, आणि एक्सप्रेसला वाट देण्यासाठी मधल्या एखाद्या स्टेशनात लोकल साईडला काढली की पंधरा-वीस मिनिटं गेली समजा. एका गावातून दुसऱ्या गावात जायचं म्हणजे दर वेळी स्टेशनपर्यंत रिक्षा, मग गाडीची वाट, मग पुन्हा रिक्षा. दिवस फलाटावरच सरेल. माझ्या मेहुण्याने असाच बेत केला होता. केळव्यात जेवणाची ताटं समोर आली आणि उठायची वेळ झाली.

डोंबिवलीहून दादरला जाऊन विरार फास्ट घेता येते. पण आईंसाठी कोपरच्या वरच्या फलाटावरून दिवा-वसई मेमू बघा. फेऱ्या कमी आहेत, पण दादरची गर्दी टळते. वसईहून नालासोपारा, मग विरार, तिथे गाडी बदलायची. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा. आणि डहाणूकडे जाताना डावीकडची खिडकी धरा. वैतरणा स्टेशन सोडलं की खाडीवरचे पूल येतात, दोन पुलांच्या मधोमध वाढीव नावाचं बेट आहे, दोन्हीकडे तिवरं. मी हे रोज बघतो, तरी पूल आला की वर्तमानपत्र खाली ठेवतो.

केळव्याची सासुरवाशीण

आमच्या गावाबद्दल मी सांगते. केळवे रोड स्टेशन आणि केळव्याचा समुद्र यांत सात-आठ किलोमीटर आहेत. शेअर रिक्षा मिळतात, भरल्या की सुटतात. लोक स्टेशनाचं नाव वाचून खाली उतरतात आणि समुद्र कुठे म्हणून बघत राहतात, म्हणून आधीच सांगितलं.

किनारा लांबलचक, सुरूची दाट सावली, किनाऱ्याजवळच शीतलादेवीचं देऊळ. आईंना देवीचं दर्शन आणि समुद्र दोन्ही फार न चालता होईल. सुरूच्या बनात वाळूत बुडालेला एक छोटा किल्ला आहे, मुलीला तो नक्की दाखवा. पण गाव बघायचं तर वाडीत शिरा. केळवे आणि शेजारच्या माहीम गावची विड्याची पानं एके काळी दूरवर जायची. माझ्या सासऱ्यांची पानवाडी होती. वेल बांधताना ते बोलायचे नाहीत, कुणी हाक मारली तरी हात थांबायचा नाही. आता पानवाड्या कमी उरल्यात, पण आहेत. परवानगी मागितली तर लोक आनंदाने आत नेतात.

जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगावं. आमच्याकडे घरगुती खानावळीत मासळी माणसं मोजून आणतात. थंडीत आलात तर उकडहंडी मिळते का विचारा. वालाच्या शेंगा, कंद, रताळी मडक्यात घालून, तोंड बंद करून शिजवतात. इथल्या वाडवळ समाजाच्या घरची खरी मेजवानी ती. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या पापलेटचा हट्ट धरू नये.

अर्नाळ्याचे, आता निवृत्त

समुद्र बघायला येणारी माणसं गाडीची वेळ बघतात, पाण्याची बघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. पाण्यालाही वेळापत्रक आहे आणि ते तुमच्या घरच्या दिनदर्शिकेत आहे.

तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजेच्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दहा-वीस मिनिटं इकडे-तिकडे होतात, पण आमच्या वडिलांनी याच हिशेबावर होडी काढली.

आता तुमच्यासाठी. पुनवेला आणि अमावास्येला उधाण, भरती दुपारी बाराच्या आसपास. तुम्ही त्याच सुमाराला पोचणार, म्हणजे फिरायला वाळूच नाही. अष्टमीला भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. लहान मूल आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर दशमी-एकादशी धरा. दुपारी एक-दोनला पाणी आत गेलेलं असतं, सपाट वाळूवर चालता येतं. पाणी परतायला लागलं की मात्र काठाकडे वळायचं, फोटोसाठी थांबायचं नाही. पोरीला हा हिशेब शिकवा, जन्मभर उपयोगी पडेल.

घाटकोपरहून, दोघं नवरा-बायको

आमचं काय फसलं ते लिहितो, म्हणजे तुमचं फसणार नाही. श्रावणातल्या एका मंगळवारी आम्ही गेलो होतो. किनाऱ्यावर आम्ही दोघं आणि चार गाई. अतिशय सुंदर दिवस गेला. परतायला साडेसहाला रस्त्यावर आलो तर रिक्षा एकही नाही. सकाळी सोडणाऱ्या रिक्षावाल्याने येतो म्हटलं होतं, तो आला नाही, फोन लागला नाही. पाऊण तास पावसात उभे राहिलो. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्या दादांनी स्टेशनवर सोडलं, पैसे घेतले नाहीत. गाडी गेली होती, पुढची येईपर्यंत बायको थंडीने कुडकुडत होती. आजही त्या फलाटाची आठवण आली की मला अपराधी वाटतं.

तेव्हापासून नियम केलाय: परतीची गाडी शेवटची नाही, तिच्या आधीची धरायची. आणि अंधार पडायच्या आत रिक्षात बसायचं.

पालघर

फक्त सातपाटीबद्दल. पालघरहून बस जाते. बंदरावर बायका मासळीचे वाटे लावतात. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा जाहीर झाला, तो मान आम्ही सातपाटीचाच समजतो. वाटेत शिरगावचा किल्ला, तिथे फांद्या फुटलेला ताड आहे. ताडाला फांद्या! झाडांची आवड असेल तर एवढ्यासाठी या.

दादर पारशी कॉलनीशेजारी वाढलेली

तुमच्या बेतात नाही, तरी लिहिते: उदवाडा. डहाणूच्या पुढे, गुजरातेत. तिथे लोकल जात नाही, पॅसेंजर किंवा थांबा असलेली एक्सप्रेस बघावी लागते. १७४२ पासून पारशांचा इराणशाह अग्नी तिथे आहे. आपल्याला आत प्रवेश नाही, आणि तो मान राखून बाहेरूनच हात जोडावेत. मी शेजारच्या मावशींबरोबर गेले होते. त्या आत होत्या तोवर मी गल्लीतल्या जुन्या घरांचे ओटे बघत फिरले. समुद्र गावाचा काठ खातोय, बांध घातलेत. मावशी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. येताना आम्ही एकमेकींशी फारसं बोललो नाही. त्यांच्या पूर्वजांनी हा अग्नी बारा वर्षं बोर्डीजवळच्या बहारोटच्या डोंगरातल्या गुहांत लपवून ठेवला होता, एवढंच त्यांनी सांगितलं. आईंना तो डोंगर झेपणार नाही, पण बोर्डीला गेलात तर मुलीला ही गोष्ट सांगा.

पुन्हा मी, डोंबिवलीहून

जाऊन आलो. तीनही गावांचा बेत सोडला, एकट्या बोर्डीला गेलो. अर्नाळ्याच्या काकांचं ऐकून पौषातली एकादशी धरली. डहाणू रोडला उतरून रिक्षा केली, जायची-यायची एकच ठरवून, परतीची वेळ पक्की करून. नरपड, चिखले, घोलवड असा रस्ता, डावीकडे सुरू आणि त्यांच्या फटीतून समुद्र. सतरा-अठरा किलोमीटर कधी संपले कळलं नाही.

पावणेदोनला पाणी इतकं आत गेलं होतं की लेक विचारत होती, समुद्र परत येईल ना? ओल्या वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांची नक्षी काढली होती, ती मोडू नये म्हणून ती वाकडी-वाकडी चालत होती. आईने चपला काठावर काढल्या आणि माझा हात सोडून एकटी चालत गेली. मी मागे जाणार होते, पण थांबले. गुडघ्यांसाठी म्हणून जी स्टुलाची पिशवी आणली होती, ती उघडलीच नाही.

केळव्याच्या ताई, तुमच्याकडची उकडहंडी राहिली. ती थंडी संपायच्या आत. लेकीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत भरतीच्या वेळा पेन्सिलने मांडायला घेतल्यात, माघापर्यंत झाल्यात.

घोलवडला वाडीवरून चार किलो चिकू घेतले. २०१६ मध्ये या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, असं वाडीवाल्यांनी अभिमानाने सांगितलं आणि झाडाखाली बसवून पिकलेले कापून दिले. आम्ही आणलेले कच्चे आहेत. तांदळाच्या डब्यात ठेवलेत. आई सकाळपासून दोनदा दाबून बघून आली.