पगार रोखीत, नाव कुठेच नाही: हा कामगार अनौपचारिक का?

प्रश्न: काम मोठ्या कारखान्यात, पण पैसे ठेकेदार हातात देतो. याला अनौपचारिक रोजगार म्हणायचं का?

उत्तर १: हो. २००३ पासूनच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत कारखाना नव्हे, कामाचं नातं बघतात. मालक सामाजिक सुरक्षेची (पेन्शन, विमा वगैरेंची) वर्गणी भरत नाही, भरपगारी रजा नाही, मग कारखाना नोंदणीकृत असला तरी काम अनौपचारिकच.

उत्तर २: खरी गोम वर्गणीत आहे. ती मासिक पगारावर बेतलेली, इथे कमाई रोजची. मध्ये खंड पडला की पेन्शनसाठी जितका काळ वर्गणी भरावी लागते, ती किमान मुदत पुरी होत नाही. स्वयंरोजगार असेल तर मालकाचा हिस्साही बहुधा आपल्याच डोक्यावर!

उत्तर ३: तिथे काम करता याचा पुरावा आजपासून जमवा. वहीत तारीख, तास, रक्कम आणि ठेकेदाराची सही; हजेरीपत्रकाचा फोटो, मेसेज. अपघात झाला की ‘हा आमचा माणूसच नाही’ इथूनच सुरुवात होते.